पुसून घ्या

बाजारात रेवणप्पाचा आवाज कापडवाल्याच्या भोंग्यालाही हार जात नाही. ताडपत्री अंथरून, तिच्यावर दगडफूल, शहाजिरं, मिरे, खसखस यांचे ढीग मांडून त्यानं एकदा सूर लावला, की वालूरच्या बाजारातली गिऱ्हाइकं कोथिंबीर अर्धवट सोडून मसाल्याकडं वळतात. घरी मात्र हाच माणूस मुका. शेजारची दगडाबाई म्हणते, "आप्पा समदं बोलणं बाजारातच इकून येतंय. घरी आणायला काई उरतच न्हाई."

दगडाबाईच्या जिभेला हाड नाही, पण ती खोटंही बोलत नाही. मोपेडवर पोती लादून रोज वेगळ्या गावचा बाजार करायचा, दिवेलागणीला घरी यायचं, लेकीला जेवू घालायचं आणि भिंतीला टेकून बसायचं, असा त्याचा दिवस. गाव वालूरच्या आसपासचंच. नाव सांगत नाही. सांगितलं तर चार माणसं भांडायला येतील आणि आठजण म्हणतील, आमच्याकडं असं काही झालंच नाही.

पण सकाळची एक वेळ अशी होती, की तेव्हा रेवणप्पा मुका नसायचा, ऐकणारा असायचा. अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, हे घराण्याचं वळण. पूजा झाली की माणूस उठतो. रेवणप्पा उठत नसे. तो भिंतीकडं तोंड करी, सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढी, आवाज अगदी बारीक करून कानाला लावी आणि डोळे मिटून घेई.

"आवं, ऐकायलाव का? येताना कोथमीर आना. अन् कालच्यावानी पिवळी नगं. तुमाला कुनी बी काई बी देतंय."

एवढंच. मग मोबाईल परत खिशात. रोज एकच निरोप ऐकायचा, दुसरा नाही. गोड खाऊ पुरवून पुरवून खावा तसं त्याचं चालायचं.

तो आवाज मल्लम्माचा, त्याच्या बायकोचा. मल्लम्मा पाच वर्षांमागं काविळीनं गेली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. मोबाईलवर अक्षरं टिपत बसायचा तिला भारी कंटाळा. पण त्या माईकच्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि बोललं, की आपलं बोलणं जिंतूरच्या बाजारात बसलेल्या नवऱ्याच्या खिशात जातं, हे तिला एकदा कळलं आणि मग तिचं बोट काही थांबेना. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, म्हणून प्रत्येक निरोपाची सुरुवात एकच: आवं, ऐकायलाव का. किल्ली दगडामायकडं ठिवलीय. गॅस संपलाय. पाऊस भरून आलाय तिकडं बी हाय का, मिऱ्याची पोती झाका. मही बोलायलीय बगा, ऐका, आन् मग त्यांच्या लेकीचा, महेश्वरीचा, बोबडा आवाज. एक निरोप तर चुकूनच गेलेला. बोट दाबलं गेलं असणार आणि तिला पत्ताच नाही. त्यात शब्द एकही नाही. भांड्यांचा आवाज, कुकरची एक शिट्टी आणि मल्लम्माचं स्वतःशीच काहीतरी गुणगुणणं. रेवणप्पाचा सगळ्यात लाडका निरोप तोच. त्यात ती त्याच्याशी बोलत नव्हती, नुसती घरात होती.

बाई गेली तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली. रेवणप्पानं आपल्या हातानं माती लोटली. तिचा स्वतःचा मोबाईल दवाखान्याच्या धावपळीत कुठं गेला तो गेलाच. घरात लग्नातला एक फोटो राहिला, त्यात ती इतकी घाबरलेली दिसते की ओळखू येत नाही. म्हणजे मल्लम्मा म्हणून जे काही उरलं होतं, ते रेवणप्पाच्या खिशात होतं.

आता कुणी म्हणेल, लेकीला का नाही ऐकवलं? ऐकवलं होतं ना. मल्लम्माला जाऊन महिनाही झाला नव्हता. पोर तेव्हा पाच वर्षांची, अंगणात खेळत होती. ह्यानं आत बसून मोबाईल मोठ्यानं लावला आणि "आवं, ऐकायलाव का" ऐकल्याबरोबर ती "आई आली, आई आली" करत धावत आत आली. दाराआड बघितलं. वाकळांच्या ढिगामागं बघितलं. चुलीपाशी, न्हाणीत, सगळीकडं बघितलं. मग बाहेरच्या दारात जाऊन उभी राहिली ती दिवस बुडेपर्यंत हलली नाही. त्या रात्री तिला फणफणून ताप भरला. दगडाबाईनं दुसऱ्या दिवशी रेवणप्पाला फैलावर घेतलं.

"आप्पा, गेलेल्या मानसाचा आवाज असा लेकराला ऐकवतेत का? पोरगी मला पुसायलीय, आई कुठून बोलायली म्हनून. काय सांगू म्या तिला, तुमीच सांगा!"

त्या दिवसापासून ते ऐकणं चोरून सुरू झालं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, पोरगी पाचवी पास झाली की तिला समज येईल. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाजार नसलेल्या दिवशी तिला शेजारी बसवायचं आणि सगळे निरोप तिच्या हवाली करायचे. पहिल्यांदा कोणता लावायचा हेही ठरलेलं होतं. कुकरच्या शिट्टीचा. लेकीला द्यायला त्याच्याकडं शेत नव्हतं, दागिना नव्हता. आई होती, तेवढी तो देणार होता.

आणि मही आता पाचवीत होती.

गावात जिल्हा परिषदेची शाळा. तिथं फडतरे नावाचे तरुण सर दोन वर्षांमागं आले. चिंचवडात जन्मलेले, तिथंच वाढलेले. पोरगा चांगला, म्हणजे सर चांगले. गावात खोली करून राहिले, पोरांच्या नाकाला रुमाल लावणारा मास्तर गावानं पहिल्यांदाच पाहिला. शाळेला भिंतीवरचा मोठा पडदा मिळाला होता, तो विजेच्या चढउतारात जळून गेला. नवीन कधी येईल, कोण जाणे. सरांनी वाट बघणं सोडून दिलं आणि पालकांची सभा बोलावली. म्हणाले, तुमच्या प्रत्येकाच्या घरी मोबाईल आहे. आठवड्यातले दोन दिवस तो पोरांबरोबर शाळेत पाठवा. मी त्यात शिकायचं साधन घालून देतो. गणितं, वाचन, सगळं ज्याच्या त्याच्या वेगानं.

सभेत बराच गलका झाला. ज्या बापांचे डोळे चोवीस तास मोबाईलला चिकटलेले, तेच म्हणू लागले, पोरं बिघडतील. पण सरांनी चिकाटी सोडली नाही. हळूहळू मोबाईल यायला लागले आणि अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखायला लागणारी पोरं सुट्टीतही वर्गात बसून बोटं चालवायला लागली. हे मान्यच करायला हवं.

रेवणप्पानं मोबाईल दिला नाही. धंद्याला लागतो म्हणाला. ते काही खोटं नव्हतं. परभणीच्या व्यापाऱ्याचे भाव त्यावरच यायचे. पण खरं कारण ते नव्हतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांनी शेजाऱ्याच्यात बघायचं, असा सरांचा नियम. मही राजनंदिनीच्या शेजारी बसायची. राजनंदिनीही लेकरूच, गणित सुटायला आलं की ती मोबाईल आपल्याकडं वळवून घ्यायची. मही मान वाकडी करून बघायची. घरी येऊन तिनं कधी तक्रार केली नाही. ह्या पोरीनं कधी कशाचीच तक्रार केली नाही आणि हेच रेवणप्पाला जास्त लागायचं.

एका संध्याकाळी तो बाजारातून लवकर आला. मही ओट्यावर पाठमोरी बसलेली. मसाल्याच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं मोबाईलएवढा कापला होता, त्यावर पेनानं चौकोन काढून अपूर्णांक लिहिले होते, आणि त्या पुठ्ठ्यावर ती बोट आपटत होती. आपटायची, थांबायची आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हणायची, "शाब्बास! बरोबर उत्तर."

पोती न उतरवता तो तसाच उभा राहिला. त्याला स्वतःचा राग आला. मेलेल्या माणसासाठी आपण जिवंत लेकराला पुठ्ठ्यावर बोटं आपटायला लावतो आहोत, असं त्याच्या मनात आलं आणि ते मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जिंतूरचा बाजार होता. जाताना त्यानं महीला मोपेडवर पुढं बसवलं, शाळेच्या फाटकात उतरवलं आणि मोबाईल स्वतः सरांच्या हातात दिला. देताना दोन्ही हातांनी दिला.

"सर, धंद्याचा हाय. पर पोरीसाठी देतो."

"अहो, फार चांगलं केलंत. महेश्वरी हुशार आहे. तिला खरंच गरज होती."

रेवणप्पा पाय घोटाळत तिथंच उभा राहिला. त्याला सांगायचं होतं. पण काय सांगणार? ह्यात माझी गेलेली बायको आहे, असं त्या पंचविशीतल्या पोराला, शाळेच्या फाटकात, आजूबाजूला लेकरं हुंदडत असताना? शरम वाटली गड्याला. अरे बाबा, सांगून टाकायचं होतंस! शरमेनं काय तुझा धंदा बुडणार होता? पण नाही. बाजारात गळा फाडणाऱ्या ह्या माणसाला जिथं बोलायचं तिथं कधी बोलता आलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला,

"एक इनंती हाय, सर. ह्यात काई करायच्या आदी तेवढं पुसून घ्या."

"हो हो, नक्की. पुसूनच घेतो."

"न्हाई, इसरचाल म्हनून सांगितलं."

"नाही विसरणार, आप्पा. तुम्ही निर्धास्त जा."

महीनं हे शेजारी उभं राहून ऐकलं. रेवणप्पा खरोखरच निर्धास्त झाला. मोपेडला किक मारताना त्याला वाटलं, सर शब्दाचा पक्का आहे.

त्या दिवशी बाजारात त्याचा हात सारखा खिशाकडं जात होता. खिसा रिकामा. शेजारचा लसूणवाला म्हणालाही, "आप्पा, काळजात दुखायलंय का?" रेवणप्पा हसला. येताना त्यानं कोथिंबिरीची जुडी घेतली. हिरवीगार बघून घेतली.

घरी मही दारातच उड्या मारत उभी. "आप्पा, माजी समदी गनितं बरोबर आली! सर म्हनले, महेश्वरी पहिली. अन् फोन बगा किती पळायलाय, आदी कसा रडत व्हता!" जेवतानाही तिचं तोंड बंद नव्हतं. इतकी बोलणारी मही रेवणप्पानं पाहिलीच नव्हती. तिच्या बोलण्याच्या नादात मोबाईल हातात घ्यायचंही त्याला सुचलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा ते घर भरल्यासारखं वाटलं, हेही सांगायला पाहिजे.

सकाळी पूजा झाली. रेवणप्पानं भिंतीकडं तोंड केलं आणि मोबाईल उघडला.

वरचं चित्र वेगळंच होतं, कुठला तरी निळा डोंगर. त्याला वाटलं, काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. बंद करून परत उघडला. डोंगरच. मल्लम्मा जिथं असायची ते हिरवं चित्र नव्हतंच. त्यानं बोटानं इकडून तिकडं सरकवून पाहिलं, तिकडून इकडं पाहिलं. शाळेचं एक चित्र तेवढं दिसत होतं, हसणाऱ्या पोराचं.

"मही," त्यानं हाक मारली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "ह्यातलं पहिलं समदं कुठं गेलं गं?"

मही केस विंचरत होती. "सरनं पुसलं की. जागाच नव्हती म्हनले. मला म्हनले, तुजे आप्पा पुसून घ्या म्हनलेत ना? म्या म्हनलं, हौ सर, आप्पा म्हनलेत पुसून घ्या." कंगवा तसाच केसात ठेवून तिनं बापाकडं पाहिलं. "बरोबर सांगितलं ना म्या?"

रेवणप्पानं तिच्या तोंडाकडं बघितलं. कालचा आनंद अजून तिथं होता.

"हौ," तो म्हणाला. "बरोबर सांगितलंस."

ती शाळेत गेल्यावर तो उठला. अंगाची नुसती आग आग होत होती. मास्तरनं शब्द मोडला! हो म्हणून, तोंडावर हो म्हणून, न विचारता माझ्या घराची राखरांगोळी केली! मोपेड न घेता तो पायीच निघाला. सरांना काय काय बोलायचं याची जुळवाजुळव करत निघाला आणि त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही.

मधली सुट्टी झाली होती. सर व्हरांड्यात उभे होते. रेवणप्पाला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या आप्पा! कसा पळतोय फोन? कितीतरी जुना कचरा साठला होता हो. सुरुवातीला काही घालताच येईना. मग म्हटलं, पूर्ण कोराच करावा. तुमचे फोटो आणि नंबर मात्र मी आधी माझ्या लॅपटॉपवर काढून घेतलेत, काळजी करू नका."

"सर," रेवणप्पा म्हणाला. "म्या तुमाला सांगितलं व्हतं. पुसून घ्या म्हनलं व्हतं."

"हो ना. म्हणून तर सगळं पुसून घेतलं."

आणि मग ते, बाजारात पाव किलोच्या हिशेबात कधी न चुकणाऱ्या रेवणप्पाच्या ध्यानात आलं.

आमच्या भागात पुसणं म्हणजे विचारणं. फळाही पुसतात आणि पाहुण्याची खुशालीही पुसतात. रस्ता पुसतात, भाव पुसतात, पोरीला मागणी घालायच्या आधी तिच्या मामाला पुसतात. कधी ह्या दोन पुसण्यांची गल्लत झाली, असं आमच्याकडं कुणाला आठवत नाही. चिंचवडच्या सरांनी 'विचारपूस' हा शब्द जन्मात शंभरदा वापरला असेल. पण त्यातली पूस म्हणजे काय, हे पुसायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्यांनी आपलं सरळ ऐकलं, धंद्याचा माणूस आहे, घरातलं काही पोरांना दिसायला नको म्हणून आधी पुसून घ्या म्हणतोय. काय चुकलं त्यांचं? आणि महीनं तर बापाचे शब्द जसेच्या तसे नेऊन दिले. जे जपायला म्हणून रेवणप्पानं तो शब्द आडवा घातला, ते त्याच शब्दानं गेलं. आता शिव्या द्यायच्या तर कुणाला?

सरांचा चेहरा उतरत चालला होता. "आप्पा, काही चुकलं का माझं? महत्त्वाचं काही होतं का त्यात?"

वर्गाच्या खिडकीतून मही दिसत होती. सुट्टी असून ती आतच बसली होती. समोर राजनंदिनीचा मोबाईल, आणि ह्या खेपेला राजनंदिनी मान वाकडी करून बघत होती. मही तिला काहीतरी समजावून सांगत होती. खरं सांगितलं तर हा मास्तर उद्यापासून कुठल्याच मोबाईलला हात लावणार नाही. गावभर होईल. आणि आपण सरांना 'हौ' म्हणालो, त्यानं काय झालं, हे एक ना एक दिवस महीला कळेल. आईला आपणच पुसलं, असं घेऊन ती जन्मभर हिंडेल.

"न्हाई सर," रेवणप्पा म्हणाला. "जुने भाव व्हते बाजाराचे. तेवढंच."

त्यानं सरांना नमस्कार केला. एवढं मोठं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

तिथून तो तडक जिंतूरला गेला. बसस्टँडजवळ सिद्धोधनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा कामात तरबेज. त्याला मात्र रेवणप्पानं खरं ते सांगितलं. अनोळखी माणसाला सांगता आलं. सिद्धोधननं हातातलं काम बाजूला ठेवलं. मोबाईल संगणकाला जोडला, हे करून बघितलं, ते करून बघितलं.

"आप्पा, दुसरीकडं कुठं साठवून ठिवलं व्हतं का?"

"न्हाई. ह्यातच व्हतं."

"माउलीचा फोन?"

रेवणप्पानं मान हलवली.

सिद्धोधननं परत दुसरी तार जोडली. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला नंतर या म्हणाला. शेवटी त्यानं तार काढली, मोबाईल फडक्यानं स्वच्छ केला आणि तो देताना रेवणप्पाचा हात आपल्या हातात धरून ठेवला. "मला माफ करा, आप्पा." रेवणप्पाला मोठ्यानं रडू आलं. बसस्टँडवरची माणसं वळून बघत होती आणि रेवणप्पा मसालेवाला लहान पोरासारखा रडत होता. सिद्धोधननं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

पुढचं काय सांगायचं? बाजार चालू राहिले. मोबाईल ठरल्या दिवशी शाळेत जात राहिला. सकाळी पूजा झाल्यावर रेवणप्पा अजूनही भिंतीकडं तोंड करून बसे, डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करी. शब्द सगळे पाठ होते, एकही हललेला नव्हता. आवाज मात्र दिवसागणिक झिजत होता. कधी तो आवाज दगडाबाईसारखा येई, कधी बाजारातल्या कुठल्या तरी बाईसारखा. एकदा तर त्याला वाटलं, कोथिंबिरीचा निरोप आपण आपल्याच आवाजात ऐकतो आहोत. त्या दिवशी तो घाबरून उठला आणि तसाच बाजाराला निघून गेला.

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी मराठीचा शेवटचा गृहपाठ दिला. घरातल्या मोठ्या माणसाशी बोला, त्यांचं बोलणं मोबाईलमध्ये घ्या आणि वर्गात ऐकवा. मही संध्याकाळी बापासमोर मांडी घालून बसली. मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवला. लाल ठिपका लागला आणि वेळेचे आकडे पळायला लागले.

"तुमचं नाव काय?"

"रेवणप्पा."

"तुमी काय धंदा करता?"

"मसाला इकतो. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"असं न्हाई म्हनायचं, आप्पा! ह्यात समदं जायलंय." मही हसली. धंद्याचं पुसून झालं, लहानपणचं पुसून झालं. मग ती जराशी थांबली. पुठ्ठ्यावर बोट आपटताना थांबायची तशी. "आता एक माज्या मनातलं पुसू का?"

रेवणप्पाला त्या शब्दानं अजूनही चटका बसायचा. "पूस," तो म्हणाला.

"आईचा आवाज कसा व्हता?"

लाल ठिपका चालूच होता. बाहेर दगडाबाई कुणाला तरी हाका मारत होती. ह्याच प्रश्नासाठी तर त्यानं सगळं राखून ठेवलं होतं. पाच वर्षं, खिशात, काळजाला लावून. लेक आज आपल्या तोंडानं मागत होती आणि बापाच्या हातात काही नव्हतं.

"बोला की, आप्पा," मही म्हणाली. "ह्यात बोललं की जपून ऱ्हातंय."

रेवणप्पानं भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि घोगऱ्या, बाजारात बसलेल्या गळ्यानं सुरुवात केली.

"आवं, ऐकायलाव का? येताना कोथमीर आना. अन् कालच्यावानी पिवळी नगं... आवं, ऐकायलाव का? किल्ली दगडामायकडं ठिवलीय... आवं, ऐकायलाव का? मही बोलायलीय बगा, ऐका..."

एकामागून एक तो म्हणत गेला. गॅसचा म्हटला, पावसाचा म्हटला. रोज एक पुरवून ऐकलेलं त्यानं एका बैठकीत सगळं ओतलं. शेवटी कुकरच्या शिट्टीचा निरोप आला. त्यात शब्दच नव्हते. तो काय म्हणणार? तो नुसता बसून राहिला. लाल ठिपका त्याचं बसणंही टिपत राहिला.

महीनं हलकेच बोट ठेवून ते थांबवलं. मग परत लावलं, मोबाईल कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. रेवणप्पा तिच्या तोंडाकडं बघत होता, दाराआड आई शोधणाऱ्या त्या पाच वर्षांच्या पोरीकडं बघावं तसा. ऐकून झाल्यावर तिनं मोबाईल खाली ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यो तं तुमचाच आवाज हाय."

"हौ," रेवणप्पा म्हणाला. "माजाच हाय."